जगात कुणाकडेच नसलेलं नाव

आधीच सांगून टाकतो. यातलं एक अक्षरही माझ्या पदरचं नाही.

मला भुताखेतांच्या गोष्टींचा शौक नाही. चारचौघांत कुणी असलं काही सुरू केलं की मी उठून कॉफी प्यायला जातो. पण ही गोष्ट जिची आहे, ती ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर बसते. तिच्या घरी मी जेवलो आहे. शेवटी जे घडलं, तेव्हा मी त्या घरात होतो. पटत नसेल त्यांनी इथेच थांबावं, मी रागावणार नाही.

ठिकाण, व्हिएतनाममधलं ह्वे शहर. जुन्या तटबंदीच्या आतली एक अरुंद गल्ली.

दिवस, नवव्या चांद्र महिन्याची सतरावी तिथी. आमच्याकडे तिथ्या पंधरावर थांबत नाहीत, सलग तीसपर्यंत मोजतात.

वेळ रात्रीची नाही. दुपारचे बारा.

आणि हो, माणसांची नावं मी सांगेन. पण या गोष्टीत एक नाव असं आहे, जे मला माहीत आहे आणि जे मी इथे लिहिणार नाही. का, ते कळेलच.

उयेन तेव्हा बावीस वर्षांची होती. कामाला लागून जेमतेम दोन महिने झालेले. जावास्क्रिप्ट शिकली होती ती यूट्यूबवर. बांना, म्हणजे तिच्या वडिलांना, ती नक्की काय काम करते ते कळत नव्हतं. आईला त्याहून नाही.

"दिवसभर त्या डब्यासमोर बसून असतेस," मा म्हणायची. "त्याला सांग, दोन किलो कांदे चिरून दे."

कंपनीने तिला एक छोटी लायब्ररी लिहायला दिली होती. लायब्ररी म्हणजे तयार कोडचं एक गाठोडं. कुणीही उचलावं, आपल्या वेबसाइटवर नेऊन ठेवावं, झालं. उयेनचं गाठोडं एवढंच करायचं की वेबसाइटच्या कोपऱ्यात आजची चांद्र तिथी दाखवायचं. आमच्याकडे श्राद्ध, उपास, उदबत्ती सगळं तिथीवर चालतं. त्यामुळे मागणी होती.

पहिलं गिऱ्हाईक सायगावचं एक फुलांचं दुकान.

आणि पहिल्याच दिवशी घोळ झाला.

कधी तिथी दिसायची, पण दुकानाची ऑर्डर घेणारी चौकट गायब. पान पुन्हा उघडलं की चौकट हजर, तिथी गायब. उयेनने तीन दिवस डोकं फोडलं. एकेक फाइल काढून बघितली, परत लावली, परत काढली. दुकानदार फोनवर करवादत होता.

तिसऱ्या दिवशी तोआन दादा तिच्या मागे येऊन उभा राहिला. हा म्हणजे आमच्यातलं जुनं खोड. नवशिक्यांना रडवल्याशिवाय त्याला जेवण जात नाही, पण शिकवतो मनापासून.

"तुझ्या गाठोड्याचं नाव काय ठेवलंस?"

"लिच." म्हणजे आमच्या भाषेत कॅलेंडर.

"वा! काय डोकं चालवलंय! आणि दुकानाची ती चौकट ज्या फाइलवर चालते, तिचं नाव काय आहे?"

उयेनने बघितलं. लिच.

"एका नावाचे दोघं एकाच घरात शिरले, की जो मागून येतो तो पहिल्याला खुर्चीवरून उठवतो," तोआन दादा म्हणाला. "ब्राउझरला काय, नाव घेतलं की जो ओ देईल तो खरा. तुझ्या शाळेत किती उयेन होत्या?"

"तीन. मी उयेन क."

"मग? तेवढी अक्कल तुझ्या मास्तरला होती. आता सगळा पसारा एका नावाखाली बांध आणि नाव असं ठेव, जे जगात कुणाकडेच नसेल. पाच वाजेपर्यंत."

त्याने आणखी एक शिकवलं. आत शिरण्याआधी दार वाजवायचं. म्हणजे कोडमध्ये पहिली ओळ अशी लिहायची, की या नावाचं आधीच कुणी बसलेलं असेल तर आत जाऊ नकोस. तसं कळव.

उयेनने नावं शोधायला घेतली. नदीचं नाव, कमळाचं नाव, स्वतःचं, मांजराचं. जे टाकावं ते आधीच कुणीतरी घेतलेलं. साडेचार वाजले.

आणि मग तिला एक नाव आठवलं.

दोन वर्षांपूर्वी आजी गेली. उयेनला वाढवलं तिनेच, कारण मा पहाटे तीनला बाजारात शेवयांचा गाडा लावायची आणि बा शिलाई मशीन दुरुस्त करत गावोगाव. आमच्यात जुनी पद्धत आहे. माणूस जायला लागलं की त्याच्यासाठी एक गुप्त नाव ठेवतात. ते नाव जाणाऱ्याला माहीत, थोरल्या मुलाला माहीत आणि घराच्या राखणदार देवाला माहीत. चौथ्या कुणाला नाही. श्राद्धाला थोरला मुलगा त्या नावाने हळूच हाक मारतो आणि राखणदार त्या नावाच्या आत्म्यालाच दारातून आत सोडतो. नाहीतर बाहेर उपाशी फिरणारे थोडे का आहेत? आपलं नाव ऐकलं की तेच घुसायचे आणि आपलं माणूस बाहेर राहायचं.

बांनी आजीला एक नाव सुचवलं होतं. आजी त्या अवस्थेतही फिस्कारली.

"असल्या नावाच्या शंभर बाया असतील तिकडे. माझा भात त्यांनी खायचा होय?"

दुसरं सुचवलं. तेही नको.

मग आजीने स्वतःच दोन अक्षरं जोडली. अर्थ काही नाही. कुठल्या पुस्तकात नाही, कुठल्या देवाचं नाही. बांनी ते तिच्या कानात तीनदा म्हटलं. उयेन तिचे पाय चोळत बसली होती. तिला बाहेर जा म्हणायचं सगळे विसरले.

जगात कुणाकडेच नसलेलं नाव.

उयेनने ते टाइप केलं.

शोधलं. शून्य. कुणाकडेच नव्हतं.

फुलांच्या दुकानाचं पान उघडलं... तिथी दिसली. चौकट दिसली. एकही एरर नाही. तिचा जीव भांड्यात पडला. पाच वाजता गाठोडं सगळ्यांसाठी खुलं झालं. तोआन दादाने नाव वाचलं आणि म्हणाला, "कुठून आणलंस गं हे? छान आहे."

"असंच," ती म्हणाली.

घरी जाताना तिला थोडं खटकलं. पण आजी हसली असती, असंच तिने स्वतःला समजावलं.

महिनाभराने पहिली गोष्ट घडली.

आमच्या ऑफिसात सव्वाअकराला जेवण होतं. बाराला दिवे मालवतात, पडदे ओढतात आणि सगळे टेबलांखाली चटया पसरून झोपतात. त्या दिवशी उयेन झोपली नव्हती. तिला एक छोटी दुरुस्ती तपासायची होती. तिने एक कोरं पान उघडलं. कोरं म्हणजे कोरं. त्यावर दुसरी एकही फाइल नाही, फक्त तिचं गाठोडं.

पडद्यावर ओळ आली.

या नावाचं आधीच कुणीतरी आहे.

तिने पान बंद केलं. पुन्हा उघडलं.

या नावाचं आधीच कुणीतरी आहे.

तिने आपलं गाठोडंही काढून टाकलं. आता त्या पानावर काहीच नव्हतं. तिने फक्त ते नाव टाइप करून विचारलं, आत किती जण?

उत्तर आलं. चार.

आणि तेव्हा तिला आवाज ऐकू आला...

भुरके मारल्याचा. सावकाश, पातळ पेज प्यावी तसा.

तिने मान वळवली. सगळे झोपलेले. मीही झोपलो होतो, मला काही ऐकू आलं नाही. ती वाकून एकेका टेबलाखाली बघत गेली. ज्या टेबलापाशी जावं, तिथून आवाज पुढच्या टेबलाखाली सरकायचा.

तिने धावत येऊन पान बंद केलं. आवाज थांबला.

दोन वाजता तिने पुन्हा तेच करून बघितलं. उत्तर साधं आलं. असं नाव इथे नाही.

"दादा, कोऱ्या पानावर नाव आधीच घेतलेलं कसं असेल?" तिने तोआन दादाला विचारलं.

"जुनं काहीतरी साचलं असेल. ब्राउझर झाडून काढ."

"तीनदा झाडला."

"मग माझ्या मशीनवर बघ. माझ्याकडे तुझं गाठोडं नाहीच."

"उद्या बघू. बारा वाजता."

"का, मुहूर्त आहे का?" तो हसला.

दुसऱ्या दिवशी बाराला दोघं त्याच्या मशीनसमोर बसले. तोआन दादाने नाव टाइप केलं आणि सवयीने मोठ्याने वाचायला तोंड उघडलं.

"वाचू नकोस!" उयेन जवळजवळ ओरडली.

त्याने तिच्याकडे बघितलं. मग पडद्याकडे.

सात.

तोआन दादाचं हसू गेलं. त्याने वायर तपासली, नेट बंद करून बघितलं. नेट बंद असतानाही सात. "मी बघतो हे निवांत," तो म्हणाला. पण त्याने ते कधीच बघितलं नाही. त्यानंतर दुपारी तो बाहेर कॉफीच्या दुकानात जाऊन बसायला लागला.

गाठोडं मात्र पसरत चाललं होतं. पॅगोडांनी घेतलं, ज्योतिषांनी घेतलं, उदबत्तीवाल्यांनी घेतलं. कंपनीत तिचं कौतुक झालं. ती कौतुक ऐकायची आणि बारा वाजता आकडा बघायची. एकोणीस. चौतीस. साठ. बघितल्याशिवाय तिला राहवत नव्हतं. बघितल्यावर जेवण जात नव्हतं.

श्राद्धाच्या आदल्या दिवशी आकडा होता त्र्याऐंशी.

सतरावी तिथी. सकाळपासून पावसाची रिपरिप. मा पहाटेपासून स्वयंपाकात होती. चिकट भात, उकडलेली कोंबडी, कोवळ्या फणसाची कोशिंबीर आणि वाटीत माशांचं खारं पाणी. ते नसेल तर आमच्याकडे जेवणाला जेवण म्हणत नाहीत. अंगणात वेगळं ताट मांडलं. पातळ पेज, लाह्या, चिमूटभर मीठ. ज्यांना घर नाही, बोलावणारं कुणी नाही, त्यांच्यासाठी. दरवर्षी ते ताट ठेवायची खोटी, चिमण्या आणि मुंग्या तुटून पडतात.

त्या दिवशी एकही चिमणी आली नाही.

मुंगी नाही. लाह्यांना कुणी शिवलंसुद्धा नाही.

"आज बाहेर कुणीच कसं नाही?" मा दारातून म्हणाली.

उयेनने अंगणाकडे बघितलं. बाहेर कुणी नाही. मग सगळे गेले कुठे?

बा देव्हाऱ्यासमोर उभे राहिले. तीन उदबत्त्या लावल्या. ओठांतल्या ओठांत राखणदाराला नमस्कार केला आणि अगदी हळू, ते नाव घेतलं.

घर गप्प झालं.

पाऊस पडत होता, पण त्याचा आवाज येईना. उदबत्त्या चांगल्या अर्धा तास जळतात. बांची प्रार्थना अर्ध्यात असतानाच तिन्ही एकदम बुडाशी आल्या.

मग ते आवाज...

भुरके. या वेळी एकाचे नाहीत.

"बा, तुम्हाला ऐकू येतंय?" तिने विचारलं.

"काय?"

बांना काही ऐकू येत नव्हतं. त्यांनी बशीत दोन जुनी नाणी घेतली. प्रत्येकाची एक बाजू चुन्याने पांढरी केलेली. एक पांढरं आणि एक काळं पडलं, की आजी आली, जेवली. गेल्या वर्षी पहिल्याच फेकीला तसं पडलं होतं.

फेकली. दोन्ही पांढरी.

पुन्हा फेकली. दोन्ही काळी.

तिसऱ्यांदा. दोन्ही काळी.

तीनच वेळा विचारता येतं. बांनी नाणी खिशात टाकली. त्यांचा चेहरा एखाद्या लहान मुलासारखा झाला होता, ज्याला शाळेतून न्यायला कुणी आलेलं नाही.

सगळे जेवायला बसले. बांनी पहिला घास घेतला आणि माच्याकडे बघितलं.

"अगं, मीठ विसरलीस की काय?"

"देवाच्या आधी चाखत नाहीत, म्हणून मला बोल लावाल होय?" तिने घास घेतला. थांबली. मग माशांच्या खाऱ्या पाण्याची वाटी उचलून तोंडाला लावली.

बाटलीतून जसंच्या तसं ओतलेलं पाणी. एरवी जिभेला झोंबेल इतकं खारट.

तिने वाटी खाली ठेवली. "हे पाणी आहे," ती म्हणाली. "नळाचं साधं पाणी."

कोंबडीला चव नाही. फणसाला नाही. मिरचीलासुद्धा नाही. त्या ताटांतलं सगळं कुणीतरी खाऊन टाकलं होतं आणि चोथा आमच्यासाठी ठेवला होता, असं उयेन मला म्हणाली.

तिने तिथेच सगळं सांगून टाकलं. रडत, अडखळत.

बा ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"किती लोकांनी नेलंय ते तुझं गाठोडं?"

"चारशेच्या वर वेबसाइट आहेत, बा."

"म्हणजे?"

"म्हणजे... दिवसाला लाखभर वेळा."

"लाखभर वेळा काय?"

"ते नाव घेतलं जातं."

बांनी पाणी मागितलं.

"बदला मग," मा म्हणाली. "हिच्या डब्यातलं नाव बदला आणि आईंचंही दुसरं ठेवा. त्यात काय एवढं?"

"आईला कोण सांगणार?" बा म्हणाले. "ती होती, म्हणून कानात सांगता आलं. आता सांगायचं तर आधी हाक मारावी लागेल. कुठल्या नावाने मारू? ते नाव घेतलं की सगळेच ओ देतात. नवं नावही सगळेच ऐकतील."

उयेन आयुष्यात एवढी कधी घाबरली नव्हती. कारण हे तिला नीट समजलं. तिचं रोजचं कामच ते होतं.

दुसऱ्या दिवशी तिने गाठोड्याचं नाव बदललं. उलटसुलट अक्षरांचं काहीतरी ठेवलं. पण जुनं लोकांनी आपापल्या घरी नेऊन ठेवलेलं.

"त्यांच्या घरात तू कशी शिरणार?" तोआन दादा म्हणाला. या वेळी त्याने टोमणा मारला नाही.

ती एकेकाला पत्र लिहीत सुटली. चारशे जणांना. साठेक जणांनी बदललं. काहींनी विचारलं, नीट चालतंय तर बदलायचं कशाला? बाकीच्यांनी उत्तरही दिलं नाही. वर्षभर ती पोर रोज चार पत्रं लिहायची. मी बघत होतो. तिची हनुवटी टोकदार झाली, डोळ्यांखाली काळं आलं. हळूहळू अर्ध्याहून जास्त जणांनी बदललं. नाव घेणं कमी झालं.

आकडा मात्र कमी झाला नाही.

पुढची सतरावी तिथी चार दिवसांवर आली तेव्हा बांनी स्वतःच विचारलं.

"काय आहे आकडा?"

"एकशे एकतीस, बा."

बांनी मान डोलावली, जणू कुणी त्यांना शिलाई मशीनच्या सुईचा नंबर सांगितला. मग ते माच्याकडे वळले. "अगं, तुझ्या गाड्यावर वाट्या किती आहेत?"

"साठ. का?"

"बाकीच्या गल्लीतून मागून आण."

"एवढ्या वाट्या? वेड लागलंय का तुम्हाला?"

"ते माझ्या आईच्या नावाने येतात ना? मग पाहुणे झाले," बा म्हणाले. "आणि मला सांग, माझी आई कधी आधी जेवली आहे? शेजारचं पोर जेवलं, भिकारी जेवला, मांजर जेवलं, मग ही चुलीपाशी उकिडवी बसायची. गेल्या वर्षी ती आली नव्हती असं नाही. ती सगळ्यांच्या मागे उभी असेल. तिच्यापर्यंत काही उरलं नसेल."

मा उठली. पदराने... नाही, आमच्याकडे पदर नसतो. तिने बाहीने डोळे पुसले आणि वाट्या मागायला बाहेर पडली.

तिथीच्या दिवशी मी गेलो. वाट्या मांडायला माझाही हात लागला आहे, म्हणून सांगतो. एकशे एकतीस वाट्या. प्रत्येकीत दोन घास भात आणि वर चिमूटभर तीळ-मीठ. देव्हाऱ्यापासून सुरू करून, लांबट खोलीतून, जिन्याच्या बाजूने, थेट स्वयंपाकघराच्या चुलीपर्यंत ओळ गेली. शेवटची वाटी बांनी स्वतः ठेवली. चुलीपाशी, आजी बसायची तिथे.

"ही तिची," ते म्हणाले.

बाराला बांनी नाव घेतलं.

पावसाचा आवाज थांबला. मी खिडकीतून बघत होतो, पाऊस पडत होता.

मग मलाही ऐकू आलं...

आधी देव्हाऱ्यापाशी. मग खोलीच्या मधोमध. मग जिन्यापाशी. भुरक्यांचा तो आवाज ओळीने, सावकाश, आपला नंबर यावा तसा आत सरकत होता. माझ्या घोट्यांना गार लागलं. उयेनने माझा हात एवढा दाबला की नखं रुतली.

आवाज स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत गेला.

आणि थांबला.

पावसाचा आवाज परत आला. बांनी नाणी फेकली.

एक पांढरं. एक काळं.

पहिल्याच फेकीला.

बा मटकन खाली बसले आणि हुंदके देऊन रडले. "आली," ते म्हणत होते, "जेवली माझी आई." मासुद्धा रडली. खोटं कशाला बोलू, मीही रडलो.

उयेन वाट्या गोळा करायला उठली. तिला राहवलं नाही. पहिल्या वाटीतलं एक शीत तिने जिभेवर ठेवलं. बेचव. मधली वाटी बघितली. बेचव, चावलेल्या कागदासारखी. जिन्यापाशची घेतली, तीही तशीच. ती एकेक चाखत पुढे गेली.

ती चुलीपाशी पोचली. शेवटची वाटी उचलली. एक शीत तोंडात टाकलं.

खारट.

तिळाचा खमंग वास. मीठ. भाताचा गोडवा. सगळं जसंच्या तसं.

त्या वाटीला कुणी शिवलं नव्हतं.

मग बाहेर नाण्यांतून हो म्हटलं ते कुणी?

आजी आलीच नव्हती? की आली होती आणि तिच्या मागे आणखी कुणीतरी उपाशी उभं दिसलं, म्हणून आपली वाटी तशीच ठेवून गेली? उयेन मला हे कितीदा तरी विचारते. तोआन दादाला विचारलं, तर तो उठून बाहेर जातो.

ती वाटी हातात धरून उभी असताना बाहेरून बांनी विचारलं. आवाजात एवढा आनंद होता की मी खाली बघितलं.

"उयेन, तिची वाटी चाखलीस? गेली का गं चव?"

उयेनच्या तोंडात मीठ होतं. तिने पुढचा घास घेतला, मग त्याच्या पुढचा, आणि भराभर चावत सगळी वाटी संपवली.

"हो, बा," ती म्हणाली. "जराही मीठ उरलं नाही."

यंदाची तिथी दीड महिन्यावर आली आहे. बांनी आतापासूनच वाट्या मागायला सुरुवात केली आहे. उयेन दुपारी बाराला टेबल सोडून माझ्या शेजारी येऊन बसते आणि आम्ही दोघंही मशीन बंद ठेवतो.